ताप येण्याची वाट कशाला?

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. ते प्रमाण 97 टक्क्यांनी घटले, जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिभारग्रस्त देशांच्या गटातून 2024 मध्ये आपण बाहेर पडलो आणि 2030 पर्यंत निर्मूलन करणार, असे केंद्र सरकार अभिमानाने सांगते. यश खरे आहे. आशाताई आणि आरोग्यसेवकांच्या पायपिटीचे ते फळ आहे. पण जाहीर होणारे राज्यवार तक्ते पाहा. एकूण रुग्ण, फाल्सिपेरम या घातक प्रकाराचे रुग्ण, मृत्यू. त्यांत गर्भवती किती, याचा रकानाच नाही. जिच्या आजारपणात दोन जीव पणाला लागतात, तीच मोजणीत नसेल तर हे निर्मूलन कोणासाठी चालले आहे?

गरोदरपणात फाल्सिपेरमचे जंतू वारेत चिकटून बसतात. हिवताप मुरलेल्या भागातून आलेल्या बाईला अनेकदा ताप येतच नाही. ती कामावर जात राहते. आत मात्र तिचे रक्त घटते आणि बाळाचे पोषण तुटते. अडीच किलोच्या आतले बाळ, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, गर्भपात, मृत बालक हे त्याचे परिणाम. पहिलटकरणीला धोका सर्वांत जास्त. आणि यंत्रणेचा पहिला प्रश्न काय, तर ताप आहे का?

वडोदऱ्याजवळच्या कोयलीचेच पाहा. 1965 पासून इथे तेलशुद्धीकरण कारखाना आहे, भोवती कायम बांधकामे चालू असतात आणि दाहोद-पंचमहालातून आलेली आदिवासी जोडपी त्यांवर राबतात. स्लॅबवर साठवलेले पाणी, उघडी पिंपे, झाकण नसलेला हौद ही शहरी हिवताप पसरवणाऱ्या स्टिफेन्सी डासाची आवडती ठिकाणे. शेजारी ताडपत्रीच्या झोपडीत सातव्या महिन्यातली बाई झोपते, मच्छरदाणीशिवाय. जास्त हिवतापाच्या भागात गर्भवतीचे रक्त ताप नसतानाही तपासावे, हे सरकारी सूचनांनाही मान्य आहे. पण धोका ठरतो तो भागावरून. रुग्णदर हजारी एकच्या खाली गेला की तो भाग निर्मूलनाच्या वाटेवरचा. बाई कुठून आली आणि कुठे झोपते, हे कोण विचारणार? जंतू गावाची हद्द पाहत नाहीत, मग नियमाने ती का पाहावी?

गुजरातेत दर बुधवारी ममता दिवस असतो. गर्भवतीचे वजन होते, रक्तदाब पाहतात, हिमोग्लोबिनसाठी बोटाला सुई टोचतात. त्याच बोटातल्या आणखी एका थेंबावर हिवतापाची झटपट तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते. तो थेंब न घेण्याचे एकही पटणारे कारण नाही. खर्चाची सबब तर सांगूच नये. कमी वजनाच्या एका बाळाला काचपेटीत ठेवण्याचा खर्च याहून कितीतरी जास्त असतो. वारेत दडलेले जंतू या तपासणीतून कधी निसटतात, म्हणून ती एकदा नव्हे, प्रत्येक भेटीत हवी. ओडिशाने 2017 पासून ‘दमन’ मोहिमेत दुर्गम पाड्यांवर ताप नसलेल्यांचेही रक्त तपासले. तिथे जमते, ते कारखान्याच्या दारात का जमू नये?

आणखी एक गोष्ट. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराचे जंतू यकृतात दबा धरून राहतात. त्यांना संपवणारे प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही. म्हणजे क्लोरोक्विनने उतरलेला ताप पुन्हा उलटू शकतो, आणि बाळंतपणानंतर योग्य वेळी उरलेला उपचार पुरा करावा लागतो. तोवर बिऱ्हाड दुसऱ्या बांधकामावर गेलेले असते आणि गर्भवतीच्या ममता कार्डावर त्या उपचाराची नोंद नसते. गडचिरोलीतील हिवतापासाठी महाराष्ट्राने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले, ते योग्यच झाले. पण रोजगारासाठी जिल्हा सोडणाऱ्या बाईमागे कोणतेच कृतिदल जात नाही.

पाणी साठू देणाऱ्या ठेकेदाराला दंड करा. स्थलांतरित गर्भवतीला नोंदणीच्याच दिवशी कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी द्या. ममता कार्डावर हिवताप तपासणीचा रकाना सक्तीचा करा आणि गर्भवती रुग्णांचा आकडा दरमहा वेगळा जाहीर करा. यासाठी नवा कायदा लागत नाही. आरोग्य खात्याने येत्या पावसाळ्याआधी हा आदेश काढावा.