अपील लिहायला शिका, वकीलसाहेब!



वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाड्यांवर सध्या एकच बोलणं आहे. वनहक्काचा दावा फेटाळला, अपील केलं, अपीलही फेटाळलं. कोण म्हणतं नशीब, कोण म्हणतं साहेब विकला गेला. आम्ही म्हणतो, आधी ते अपील वाचून बघा.

एका आदिवासी वाडीचं अपील आम्ही बैठकीत मोठ्याने वाचलं. दीड पान. अर्जदार गरीब आहेत, अडाणी आहेत, तरी मेहेरबान समितीने दया करावी. झालं! निकालात चूक काय, ते एका ओळीनेही नाही. खाली वकिलाची सही, आणि त्या सहीसाठी काजूच्या पैशातून आम्ही भरलेली फी.

निकालात चूक नव्हती काय? ढळढळीत होती. समितीने त्या कुटुंबाकडे ७५ वर्षांचा पुरावा मागितला होता. २००६ च्या कायद्यात ७५ वर्षांची, म्हणजे तीन पिढ्यांची, अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. एवढं एक वाक्य अपिलात असतं तर समितीला उत्तर द्यावं लागलं असतं. वकिलाला ते ठाऊकच नव्हतं.

पुढे समितीने लिहिलं, "सबळ कागद नाही." आता नियम काय सांगतो? अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. गडगा, बांध, विहीर, मांगर, स्मशान, देवाची जागा, वंशावळ हे सगळे पुरावे आहेत. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. २०१२ च्या दुरुस्तीतला नियम १२-अ तर आणखी स्पष्ट आहे. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर दावा फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा. दावा नाकारलाच तर कारणं लेखी द्यायची. माणसाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय अपील निकाली काढायचं नाही. यातला एकही मुद्दा त्या दीड पानात नव्हता.

कुणी म्हणेल, खाली हरलो तर वर जिंकू. इथेच आपण फसतो. ग्रामसभेच्या निर्णयावर अपील सावंतवाडीला उपविभागीय समितीकडे, तिथून ओरोसला जिल्हा समितीकडे. प्रत्येक पायरीला मुदत ६० दिवस, फार तर आणखी ३० दिवस सवलत, तीही समितीच्या मर्जीवर. जिल्हा समितीचा निर्णय कायद्याने अंतिम. पालघर-नंदुरबारसारख्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून त्याच्याही वर विभागीय समिती आहे. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून ती पायरी आपल्याला नाही. तिकडच्या अपिलाची नक्कल मारून इकडे लावणाऱ्या वकिलाला हेही कळत नाही.

मग उरतं हायकोर्ट. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची खेप वाचली. चांगलं झालं. पण हायकोर्ट आपल्या डोंगरावर गडगे मोजायला येत नाही. ते खालची फाईल बघतं. फाईलीत म्हातारीचा जबाब नसेल तर कोर्टासाठी ती म्हातारी तिथे कधी राहिलीच नाही.

वकील म्हणतात, तुमची माणसं वेळेवर कागद देत नाहीत. खरं आहे, थोडं आमचंही चुकतं. निकालाची नक्कल मागत नाही, पोचपावती घेत नाही, तारीख लिहून ठेवत नाही. ते आम्ही सुधारू. पण कायदा वाचायचं काम तुमचं आहे, त्याचीच फी घेता.

आदिवासींच्या जमिनी परत देण्याच्या १९७४ च्या कायद्यात वकिलांना उभं राहायला बंदी घातली गेली होती. पैसेवाला मोठा वकील आणील आणि आदिवासी उघडा पडेल, ही त्यामागची भीती. सुप्रीम कोर्टाने १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना खटल्यात ती बंदी योग्य ठरवली, आणि सरकारने आदिवासींना कायद्याची मदत द्यावी असंही सांगितलं. आम्हाला वकील हवे आहेत. पण शिकलेले हवेत.

म्हणून आमची मागणी:

१. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने या यादीतल्या वकिलांना वनहक्काचं शिक्षण द्यावं. मोफत म्हणजे कसंही चालेल, असं नाही.

२. हे शिक्षण हॉलमध्ये नको, वाडीवर द्या. वकिलाने जमीन चालून बघावी, जबाब स्वतः लिहावा.

३. सही करण्याआधी अपील मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावं. निकालातली चूक, मोडलेला नियम, जोडलेला पुरावा, मुदतीची तारीख, ही चार उत्तरं त्यात नसतील तर कुणी अंगठा उठवू नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीने आपल्या निकालाची नक्कल घेऊन यावं. ज्यांचे ६० दिवस चालू आहेत, त्यांनी बैठकीची वाट बघू नये, उद्याच या.

जिंदाबाद!