पिढीचं नाव कोण ठेवतं?

‘जेन-झी’ हा शब्द आता शहापूरच्या एसटी स्टँडवरही ऐकू येतो. कॅनडाचे लेखक डग्लस कूपलंड यांच्या १९९१च्या कादंबरीने ‘जनरेशन एक्स’ रूढ केलं. वाय आणि झेड (म्हणजेच ‘झी’) मागोमाग आलेच. (झेडनंतर काय, ही पंचाईत थेट ग्रीक ‘अल्फा’पर्यंत गेली!) समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी मात्र १९२८मध्येच सांगितलं होतं, की नुसत्या जन्मसालाने पिढी होत नाही; ती उमेदीच्या वयात एकत्र झेललेल्या घटनांतून घडते. मग आपल्या भागातल्या भातसा आणि बारवी धरणांत गावं गेलेल्यांची पिढी कोणत्या अक्षराची? शहरांना पाणी पुरवून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तर इथे कित्येक पिढ्या. या अंकात आम्ही शहापूर-मुरबाडच्या आजी-आजोबांना आणि नातवंडांना एकत्र बोलतं केलं आहे. तुमच्या पिढीला तुम्ही काय नाव द्याल? जरूर कळवा.