आधी १०८, मग कॅमेरा

गेल्या पावसाळ्यात ऑफिसातून परतताना पुण्याच्या नवले पुलाजवळ एक दुचाकी घसरली होती. पंचविशीतला मुलगा रस्त्यावर पडलेला, डोक्यातून रक्त येत होतं. भोवती पंधरा-वीस माणसं आणि निम्म्यांच्या मोबाइलचा कॅमेरा सुरू. मीही गाडी बाजूला लावली, मोबाइल काढला आणि (लिहायला लाज वाटते) माझाही अंगठा आधी कॅमेऱ्यावरच गेला. १०८ ला फोन केला तो भाजीची पाटी घेऊन निघालेल्या एका मावशींनी, बटणांच्या साध्या फोनवरून.

रात्री झोप लागली नाही. मी पुढे का गेलो नाही? हौस नव्हती, भीती होती. पोलिसांची चौकशी, कोर्टाच्या खेपा, दवाखान्याचं बिल. आणि तळाशी आणखी एक भीती: गर्दीत कुणी नाव विचारलं, ते मुसलमानाचं निघालं आणि धडक यानेच दिली असं कुणी म्हटलं तर? आपल्या घराघरांत ही भीती आहे, बोलून कुणी दाखवत नाही इतकंच.

मग कायदा वाचला. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही. आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही नाही! ज्या प्रश्नाला मी घाबरलो, त्याचं उत्तर देणं कायद्याने माझ्यावर बंधनकारकच नव्हतं.

चित्रण सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये पहलू खान यांना झालेली मारहाण देशाने पाहिली ती व्हिडिओमुळेच. पण २०१९ मध्ये अलवरच्या न्यायालयात ते चित्रण पुरावा म्हणून टिकलं नाही आणि सहा आरोपी सुटले. व्हॉट्सअॅपवर फिरलेली क्लिप म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तरी कळायला हवं. तिथे फाइल दाबली जाते, तिच्यातली तारीख-वेळेची नोंद गळते. चित्रण करायचंच तर मदत बोलावल्यावर करावं, मूळ फाइल मोबाइलमध्ये जपावी आणि पोलिसांना द्यावी. जखमीचा चेहरा ग्रुपवर टाकू नये. त्याच्या आईला बातमी तिथून कळू नये.

या महिन्याच्या मोहल्ला बैठकीत कलम १३४अ मराठीत आणि उर्दूत वाचून दाखवायचं ठरवलं आहे. सुरुवात माझ्या अंगठ्याच्या गोष्टीनेच करावी लागेल.