दरवानाचा कोट

मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दांवाचून माझे पान हलत नाही. म्हणून परवा आमच्या कॉलेजात १९२४ सालचा एक जर्मन मूकपट दाखवणार असे कळले, तेव्हा मी काहीसा नाखुशीनेच गेलो. सोबत अण्णा होते. माझे वडील, उभा जन्म रेल्वेत गार्ड म्हणून काढलेले.

चित्रपटाचे नाव 'शेवटचा माणूस', दिग्दर्शक मूरनाऊ. एका बड्या हॉटेलचा म्हातारा दरवान, अंगात झगझगीत बटणांचा लांब कोट. त्या कोटाच्या जोरावर त्याच्या गरीब वस्तीत त्याला केवढा मान! एके दिवशी जड ट्रंक उतरवताना त्याला धाप लागते, ते मॅनेजर पाहतो. झाले! कोट उतरवला जातो आणि म्हातारा तळमजल्याखालच्या स्वच्छतागृहात लोकांच्या हाती टॉवेल देत उभा राहतो. भाचीच्या लग्नाला जायचे म्हणून तो आपलाच कोट चोरतो.

हे सारे सांगायला पडद्यावर संवादाची एकही पाटी येत नाही. मूरनाऊने बोलायला लावला तो कॅमेरा. छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड याने तो छातीला बांधला, सायकलीवर बसवला. दरवान दारू पितो तेव्हा कॅमेराही झोकांड्या खातो! आणि एमिल यानिंग्जची ती पाठ! कोट असताना ताठ. नसताना जणू कोणी आतले हाडच काढून घेतले. त्या वेळी हा नट अवघा चाळिशीचा होता, हे कळल्यावर मी माझी पाठ चाचपून पाहिली.

पुढे मात्र एकुलती एक पाटी येते. खऱ्या आयुष्यात म्हाताऱ्याला मरणाचीच वाट पाहावी लागली असती, पण लेखकाला त्याची दया आली, अशा अर्थाची. आणि एका लक्षाधीशाची संपत्ती अचानक त्याच्या पदरात पडते. तो त्याच हॉटेलात मेजवानी झोडतो, पूर्वीच्या सोबत्यांना बक्षिसी वाटतो.

घरी येताना मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "शेवट फुकट घालवला. ठिगळ आहे ते."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचा गार्डाचा कोट अजून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला आहे. जिन्यात थांबून ते म्हणाले, "पैसे दिले रे त्याला. पण कोट कुठे परत दिला?"

मी तो शेवट पुन्हा पाहिला. अण्णांचे बरोबर होते.