चाबी कुणाकडे?

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी तलाठी भरतीची तयारी करते. परवा दारात येऊन तिने विचारलं, "चाचा, वाचनालय की चाबी किसके पास रहती?" मी आधी हसलो. मग लक्षात आलं, याचं उत्तर मलाही माहीत नाही.

आमचं वाचनालय संध्याकाळी तीन तास उघडतं. त्या वेळी तिच्या हातात पोळपाट-लाटणं असतं. दुपारी तिला वेळ असतो, तेव्हा दाराला कुलूप असतं. संध्याकाळी गेलीच, तर एका टेबलाभोवती वर्तमानपत्र वाचणारे आम्ही चार-पाच म्हातारे. ती कुठे बसणार?

एवढ्यातच गावात बातमी आली की, वाचनालय आता "डिजिटल" होणार. संगणक येणार, फलक लागणार, फीत कापली जाणार. माझा संगणकाला विरोध नाही. विरोध आहे तो कुलूपबंद संगणकाला. जे दार पुस्तकासाठी उघडत नाही, ते संगणकासाठी कोण उघडणार?

लोक म्हणतात, मोबाईलच्या जमान्यात वाचनालयात कोण येतं? मग मला सांगा, बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूरला खासगी अभ्यासिका कशा चालतात? पोरं दर महिन्याला पैसे मोजून एक खुर्ची, एक दिवा आणि शांतता विकत घेतात. म्हणजे गरज मेलेली नाही. सार्वजनिक दार बंद झालं म्हणून खासगी दुकान उघडलं, एवढंच. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत त्याने अभ्यास करावा, बाकीच्यांनी ओट्यावर बसावं.

दोष ग्रंथपालाला देणं सोपं आहे. पण हिशेब बघा. 2022 मध्ये शासनाने अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं, त्याचा गाजावाजाही झाला. त्या वाढीनंतर 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला 48 हजार मिळू लागले. महिन्याला चार हजार. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि माणसाचा पगारही! सोयाबीन सोंगायला जाणारा मजूर याहून जास्त कमावतो. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावर व्यंकप्पा पत्की समिती झाली, प्रभा राव समिती झाली. वेतनश्रेणीची मागणी मात्र अजून मागणीच आहे. अशा माणसाला "दुपारीही उघड" कोणत्या तोंडाने सांगायचं?

यावर उत्तर येतं की, कागदोपत्री चालणारी वाचनालयंही पुष्कळ आहेत. आहेत, मी नाकारत नाही. 2012 मध्ये महसूल खात्याने राज्यभर पडताळणी केली, ती योग्यच होती. जी बोगस आहेत ती बंद करा. पण चोरांमुळे प्रामाणिकांना उपाशी ठेवणं हा कुठला न्याय?

आपला ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यात ग्रंथालय कर नाही. मद्रास प्रांताने 1948 च्या कायद्यातच असा कर ठेवला, कर्नाटकाने 1965 मध्ये ठेवला. आपल्या नगरपालिकेच्या घरपट्टीची पावती काढून बघा. शिक्षण कर आहे, रोजगार हमी कर आहे, वृक्ष कर आहे. वाचनालयासाठी एक रुपयाही नाही. मी स्वतः घरपट्टी भरतो. त्यात थोडी भर घालायची माझी तयारी आहे, पण तो पैसा वाचनालयातच दिसला पाहिजे.

आता थोडं आपल्या लोकांशी. भावांनो, कमानीला, रोषणाईला आपण वर्गणी देतो. वाचनालयाच्या सभासदत्वाची पावती किती जणांच्या घरात आहे? वाचनालयात उर्दूचं एक कपाट नाही, ही आपली तक्रार खरी आहे. पण मागणीचा अर्ज आपल्यापैकी किती जणांनी दिला? आणि मराठीची कपाटं परक्याची आहेत, असं कोण म्हणतं? ना. घ. देशपांडे याच जिल्ह्यातल्या मेहकरचे, 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे कवी. ते जितके इतरांचे, तितकेच आपले. मुलगी वाचनालयात गेली तर "लोक काय म्हणतील" विचारणारेही आपल्याच घरात बसले आहेत. तिच्या दारावरचं एक कुलूप सरकारचं असेल, दुसरं आपलं आहे.

भविष्याच्या योजना हव्यातच. पण क्रम असा हवा: आधी दुपारी दोन ते पाच मुली-बायांसाठी दार उघडं, मग तिथे बसणाऱ्या माणसाला जगण्याइतका पगार, मग उर्दू-मराठी दोन्हींची नवी पुस्तकं, आणि त्यानंतर संगणक. फीत शेवटी कापा.

दुपारच्या वेळेसाठी मी अर्ज लिहिला आहे. पहिली सही त्या मुलीची, दुसरी तिच्या आईची, तिसरी माझी. तो वाचनालयाच्या अध्यक्षांना देणार आहे, आणि त्याची प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना. मतं मागायला जो उमेदवार दारात येईल, त्यालाही मी तोच प्रश्न विचारणार आहे: चाबी कुणाकडे? तुमच्या गावात तुम्हीही विचारा.