विश्लेषण : गाडी डावीकडूनच का? आणि महामार्गावर ‘राँग साइड’ इतकी घातक का?

हजिऱ्याहून पारादीपकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ गोंदिया जिल्ह्यात सौंदड, कोहमारा, देवरीमार्गे छत्तीसगडच्या हद्दीत शिरतो. महामार्गाला दुभाजक आला, ट्रकचा वेग वाढला. शेत, पंप किंवा दुकान मात्र अनेकदा पलीकडच्या बाजूला असते. वळण घ्यायला पुढे बरेच जावे लागते, म्हणून दुचाकी, ट्रॅक्टर सरळ उलट्या दिशेने निघतात. ‘इथेच तर जायचे आहे’ हे त्यामागचे कारण. डावी-उजवीचा साधा नियम मोडला की काय होते, हे त्या पाच मिनिटांत ठरते.

डावी बाजू आली कुठून?

इंग्रजांकडून. ब्रिटनने १८३५ च्या हायवे ॲक्टने डावी बाजू कायद्यात आणली आणि ती वसाहतींत पसरली. तलवार उजव्या हातात धरता यावी म्हणून घोडेस्वार डावीकडून जात, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिला ठोस पुरावा कमीच. गोव्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली, पण गोव्यात डावीच राहिली. सभोवती ब्रिटिश भारत होता आणि सीमेवर बाजू बदलणे परवडणारे नव्हते. शेजाऱ्याशी जुळवून घेणे हाच या विषयातला खरा नियम दिसतो.

जगातील साधारण एक तृतीयांश लोकसंख्या डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत राहते. त्यात नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, जपान आणि मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला मॉरिशसही आहे. बदलही होतात. स्वीडन ३ सप्टेंबर १९६७ रोजी उजवीकडे गेले, म्यानमार १९७० मध्ये. सामोआने २००९ मध्ये उलट केले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधील स्वस्त जुन्या गाड्या वापरता याव्यात म्हणून तो देश डावीकडे आला. आखाती देशांत मात्र उजवीकडून वाहतूक चालते. तिथे चालक म्हणून जाणाऱ्याला पहिले काही दिवस प्रत्येक चौकात डोके उलटे वापरावे लागते.

स्टिअरिंग उजवीकडे का?

डाव्या बाजूने चालणाऱ्या गाडीत चालक रस्त्याच्या मध्याकडे बसला, तर पुढच्या ट्रकला ओलांडताना समोरून येणारे वाहन त्याला लवकर दिसते. गाडीची, रस्त्याची आणि चालकाच्या सवयीची सगळी रचना त्या एका गृहीतावर उभी आहे. दुभाजकाच्या रस्त्यावर तर समोरून कोणी येणारच नाही, असे चालक धरून चालतो.

आता हिशेब पाहा. ताशी ८० किमीने जाणाऱ्या ट्रकपुढे १०० मीटरवर ताशी ४० किमीची दुचाकी त्याच दिशेने असेल, तर ट्रकला तिच्यापर्यंत पोहोचायला नऊ सेकंद लागतात. तीच दुचाकी समोरून येत असेल, तर तीनच सेकंद. त्यातला एखादा सेकंद धोका ओळखण्यातच जातो. रात्री, दिवा नसलेल्या ट्रॉलीसमोर तेवढाही वेळ मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

ठरलेल्या दिशेविरुद्ध वाहन चालवणे हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार ‘धोकादायक वाहन चालवणे’ ठरते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत किंवा दंड दहा हजार, अथवा दोन्ही. म्हणजे हा किरकोळ प्रकार कायद्याने मानलेला नाही.

पण दंडाची पावती फाडून प्रश्न अर्धाच सुटतो. धान कापणीनंतर ट्रॅक्टर-ट्रॉल्या खरेदी केंद्राकडे निघतात, तेव्हा गावाजवळ सेवारस्ता नसेल आणि वळण दूर असेल, तर डिझेल वाचवण्याचा मोह शेतकऱ्याला होणारच. तिथे सेवारस्ता, भुयारी मार्ग आणि ट्रॉलीच्या मागे-पुढे परावर्तक पट्ट्या, हे हंगामाआधी करायचे काम आहे.