पाण्याचा जमाखर्च

निमुळत्या तोंडाची भरलेली कळशी उपडी केली, तर पाणी एकधारेनें पडत नाहीं. गुडगुडत, थांबत थांबत पडतें. जेवढें पाणी बाहेर यावें तेवढी हवा आंत शिरली पाहिजे, आणि दोघांची वाट तर एकच! नुसत्या पाण्याच्या प्रवाहाचें गणित अवघड. पाणी व हवा ह्या जोडीचें त्याहून अवघड.

प्रवाहाचे नियम नाव्हिए ह्यांनीं १८२२ त व स्टोक्स ह्यांनीं १८४५ त समीकरणांत बांधले. परंतु कांहीं सोपीं उदाहरणें सोडल्यास तीं कागदावर सुटत नाहींत. म्हणून संगणकाकडून निराळ्या रीतीनें काम घेतात. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें सर्व जागेचीं लहान लहान घरें पाडावयाचीं, आणि क्षणोक्षणीं प्रत्येक घराचा जमाखर्च मांडावयाचा: शेजारून किती आलें, शेजारीं किती गेलें, शिल्लक काय राहिली. जोडप्रवाहासाठीं १९८१ सालीं हर्ट व निकोल्स ह्यांनीं सुबक युक्ति मांडली. घर पाण्यानें भरलेलें असल्यास १, नुसती हवा असल्यास ०. अपूर्णांक आला कीं त्या घरांतून पाण्याचा पृष्ठभाग जातो असें समजावें.

काळाचें पाऊलहि बेताचें हवें. ह्या साध्या रीतींत एका पावलांत प्रवाहानें घर ओलांडून उडी मारली, तर आंकडे भलतेच फुगतात. ह्या मर्यादेचें मूळ कुरांट, फ्रीड्रिख्स व लेव्ही ह्यांच्या १९२८ च्या निबंधांत आहे.

इतकें सांभाळूनहि आरंभींचे आंकडे सदोष असले तर सारें व्यर्थ. हवा हीहि प्रवाहीच. रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धांत, फ्रान्समध्यें जखमींची गाडी हांकीत असतां, २० मे १९१० च्या हवामानाचें गणित हातानें केलें. सहा तासांत वायुभार १४५ मिलिबार वाढेल असें उत्तर आलें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता! तरी १९२२ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें तें उत्तर जसेंच्या तसें छापलें. पुढें आरंभींच्या आंकड्यांतील विसंगति काढून तेंच गणित पुन्हा केलें, तेव्हां उत्तर ठीक आलें. रीत खरी होती. चूक लपविली असती तर ती सांपडती ना.

अनुमान प्रत्यक्षावर उभें असतें, असें आमचे नैयायिक सांगतात. आज संगणकाच्या पडद्यावर धरणाचा लोंढा हुबेहूब धांवतांना दिसतो, आणि पाहणारा भुलतो. परंतु चित्र रेखीव म्हणून उत्तर खरें ठरत नाहीं. शाळेच्या गणिताचीं उत्तरें पुस्तकाच्या शेवटीं छापलेलीं असतात. प्रवाहाच्या गणिताचें उत्तर प्रत्यक्ष पाण्यालाच विचारावें लागतें, हें आमच्या तरुण वाचकांनीं विसरूं नये.